रुंदावलेल्या हृदयरोहिण्या आणि रक्तातील दाहाच्या खुणा

हृदयविकार म्हटला की रक्तवाहिनी अरुंद होणे, तिच्यात चरबीचे थर साचणे आणि शेवटी मार्ग बंद होणे, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु याच्या अगदी उलट प्रकारही घडतो. काही माणसांच्या हृदयरोहिण्या अरुंद न होता प्रमाणाबाहेर रुंद होतात. वाट रुंद झाली तर रक्त अधिक सुखाने वाहील, मग त्यात वाईट ते काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. हा विकार कसा होतो, त्याचा शरीरातील दाहाशी काय संबंध आहे, आणि रक्ततपासणीच्या कागदावरील काही आकड्यांवरून आपण काय समजावे व काय समजू नये, हे सर्वसामान्य वाचकांना समजेल अशा भाषेत सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत. या आकड्यांमुळे काही घरांत विनाकारण घबराट पसरते, तर काही घरांत अगदी मोलाची वेळ वाया जाते. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे.

विकार म्हणजे नेमके काय?

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरविते. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्ताची गरज असते. ते काम उजवी व डावी अशा दोन मुख्य रोहिण्या आणि त्यांच्या शाखा करतात. यांनाच करोनरी रोहिण्या म्हणतात. या मुख्य रोहिण्यांची रुंदी साधारणतः ३ ते ४ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी असते. रोहिणीचा एखादा भाग शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट किंवा त्याहून अधिक रुंद झाला, तर डॉक्टर त्यास एक्टेशिया म्हणतात. रुंदावलेला भाग लांबवर पसरलेला असेल तर एक्टेशिया आणि एकाच जागी फुग्यासारखा उठून आला असेल तर अ‍ॅन्युरिझम, असा भेद सामान्यतः केला जातो. उजव्या रोहिणीत हा प्रकार अधिक आढळतो आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत त्याचे प्रमाण जास्त आहे.

हा विकार फारच दुर्मीळ आहे असेही नाही. अमेरिका खंडातील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत अँजिओग्राफी झालेल्या २०,०८७ रुग्णांपैकी ४.९ टक्के रुग्णांच्या रोहिण्या अशा रुंदावलेल्या आढळल्या. अर्थात हे प्रमाण हृदयाच्या तक्रारीमुळे तपासणी झालेल्यांतील आहे, सर्व जनतेतील नव्हे, हे लक्षात ठेवावे.

आता वाट रुंद होण्यात वाईट काय, या प्रश्नाकडे वळू. नदी अरुंद पात्रातून वाहते तेव्हा तिला वेग असतो. पात्र रुंद होऊन डोह बनला की पाणी संथ होते, जागच्या जागी भोवरे घेते आणि तळाशी गाळ साचतो. रोहिणीतही तसेच होते. रुंद भागात रक्ताचा वेग मंदावतो. मंद झालेले रक्त गोठण्याची शक्यता वाढते. तेथे झालेली गुठळी जागीच मार्ग अडवू शकते किंवा पुढे वाहत जाऊन लहान शाखेत अडकू शकते. म्हणूनच रुंद रोहिणीच्या रुग्णालाही छातीत कळ येऊ शकते आणि हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो.

रोहिणी रुंद का होते?

रोहिणीची भिंत तीन थरांची असते. आतला थर गुळगुळीत अस्तरासारखा, मधला थर स्नायू व लवचिक तंतूंचा, आणि बाहेरचा थर आधार देणारा. प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताचा दाब भिंतीवर येतो, आणि मधल्या थरातील लवचिक तंतू तो झेलून भिंतीस पूर्ववत करतात. हे तंतू सुस्थितीत आहेत तोवर रोहिणी आपल्या मापात राहते.

या तंतूंचा शत्रू म्हणजे दाह. दाह म्हणजे शरीराची संरक्षणाची धडपड होय. बोटात काटा मोडला की जागा लाल होते, सुजते, गरम होते व ठणकते. तेथे पांढऱ्या पेशी धावून आलेल्या असतात. हीच धडपड रोहिणीच्या भिंतीत चालू झाली, तर आलेल्या पांढऱ्या पेशी काही पाचक द्रव्ये सोडतात. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज या नावाने ओळखली जाणारी ही द्रव्ये लवचिक तंतूंना कुरतडतात. भिंत दुबळी होते आणि रक्ताच्या दाबाने बाहेर ताणली जाते. त्यातही गंमत अशी की, नळी जितकी रुंद, तितका तोच दाब तिच्या भिंतीला अधिक ताणतो. मुलांचा फुगा फुगविताना पहिली फुंकर जड जाते आणि एकदा फुगला की पुढे तो सहज फुगत जातो, तसाच हा प्रकार आहे.

प्रौढांमधील सुमारे निम्म्या रुग्णांत या विकाराचे मूळ रोहिणीकाठिण्यात, म्हणजे भिंतीत चरबी साचण्याच्या नेहमीच्याच विकारात, असते. काहींच्या बाबतीत तो जन्मजात असतो. उरलेल्यांत रोहिण्यांचा दाह करणारे अन्य आजार कारणीभूत असतात. रोहिणीकाठिण्य हे केवळ चरबीचे साचणे नसून त्यातही दाहाचा मोठा भाग आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. मात्र तीच प्रक्रिया एका माणसात रोहिणी अरुंद करते आणि दुसऱ्यात रुंद, असे का व्हावे, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही.

रक्तातील खुणा

रोहिणीच्या भिंतीत दाह चालू आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. परंतु दाहामुळे रक्तात काही बदल होतात आणि ते मोजता येतात. यांनाच दाहदर्शक खुणा म्हणता येईल. त्यांपैकी तीन आपल्या नेहमीच्या पाहण्यातील आहेत.

पहिली ई.एस.आर. उंच, अरुंद नळीत रक्त उभे ठेवले की तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात. एका तासात त्या किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचे, एवढीच ही चाचणी. पोलंडचे डॉक्टर एडमंड बियरनाट्स्की यांनी १८९७ मध्ये तिचे महत्त्व दाखविले आणि स्वीडनच्या वेस्टरग्रेन यांची पद्धत पुढे जगभर रूढ झाली. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन वाढते, पेशी एकमेकींना चिकटून चवडी बनवितात आणि लवकर खाली बसतात. परंतु रक्तक्षय, गर्भारपण व वाढते वय यांमुळेही ई.एस.आर. वाढतो. आपल्याकडे स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असल्याने नुसत्या या आकड्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

दुसरी सी.आर.पी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस या दोघांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन शोधले. ते यकृतात तयार होते. शरीरात कोठेही दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ नावाचा रासायनिक निरोप यकृताला पोहोचतो आणि काही तासांतच सी.आर.पी. वाढू लागते. दाह शमला की ते झपाट्याने उतरते; सुमारे १९ तासांत निम्मे होते. त्यामुळे आज शरीरात काय चालले आहे, हे ई.एस.आर.पेक्षा सी.आर.पी. अधिक नेमके सांगते. अतिशय अल्प प्रमाण मोजणाऱ्या चाचणीस हाय सेन्सिटिव्हिटी सी.आर.पी. म्हणतात. प्रथिन तेच, मोजमाप अधिक बारीक, एवढाच फरक.

तिसरी खूण तर नेहमीच्या रक्ततपासणीतच दडलेली असते. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल किती व लिम्फोसाइट किती, हे त्या कागदावर लिहिलेले असते. पहिल्या आकड्यास दुसऱ्याने भागले की एक गुणोत्तर मिळते. न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील तर गुणोत्तर २ येते. दाहात ते वाढते.

संशोधन काय सांगते?

रुंद रोहिण्यांच्या रुग्णांत या खुणा तपासण्याचे बरेचसे काम तुर्कस्तानातील डॉक्टरांनी केले आहे. २००४ मध्ये तेथील एका गटाने ज्यांच्या रोहिण्या फक्त रुंद आहेत, कोठेही अडथळा नाही, असे रुग्ण आणि ज्यांच्या रोहिण्यांत अडथळे आहेत असे रुग्ण यांची तुलना केली. रुंद रोहिण्यांच्या रुग्णांत सी.आर.पी. अधिक आढळले. पुढे पांढऱ्या पेशींना भिंतीशी चिकटविणारे रेणू, इंटरल्यूकिन-६, तंतू कुरतडणारी द्रव्ये आणि वर सांगितलेले गुणोत्तर यांबाबतही अनेक अभ्यासांतून असेच चित्र पुढे आले. थोडक्यात, रोहिणी रुंद होणे आणि रक्तातील दाहाच्या खुणा वाढणे या गोष्टी जोडीने दिसतात.

येथेच वाचकांनी सावधपणे विचार करणे आवश्यक आहे. यांतील बहुतेक अभ्यास लहान आहेत आणि रुग्णाची तपासणी एकाच वेळी केलेली आहे. आधी दाह झाला आणि मग रोहिणी रुंदावली, की रुंदावलेल्या रोहिणीतील संथ रक्तामुळे दाह वाढला, हे अशा एका वेळच्या तपासणीवरून ठरविता येत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण आहे, असे सिद्ध होत नाही.

दुसरे असे की, या खुणा दाह आहे एवढेच सांगतात, तो कोठे आहे हे सांगत नाहीत. दूरवरच्या गावावर धूर दिसला तर काही तरी पेटले आहे एवढे कळते. कोणाच्या घराला आग लागली की शेतात कोणी पालापाचोळा जाळला, हे तेथे गेल्याशिवाय कळत नाही. सर्दी-ताप, लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, सुजलेल्या हिरड्या, सांधेदुखीचा आजार, लठ्ठपणा, धूम्रपान या सर्वांमुळे सी.आर.पी. वाढते. रोहिणी रुंद आहे की नाही, हे अँजिओग्राफी, सी.टी. स्कॅन, किंवा लहान मुलांत इको तपासणी, यांवरूनच कळते. रक्ताच्या कोणत्याही चाचणीवरून ते कळत नाही.

मग दाह कमी केला तर हृदयरोग कमी होईल काय? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कँटोस या चाचणीने या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर दिले. पूर्वी झटका येऊन गेलेल्या व सी.आर.पी. वाढलेल्या १०,०६१ रुग्णांवर ही चाचणी झाली. कोलेस्टेरॉल कमी न करता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने, त्याच्या मधल्या मात्रेत, झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. परंतु जंतुसंसर्गाने दगावण्याचे प्रमाण किंचित वाढले. शरीराचे रक्षक दुबळे केले की चोरांनाही संधी मिळते, हा त्याचा अर्थ. शिवाय ही चाचणी रुंद रोहिण्यांच्या रुग्णांसाठी नव्हती. त्यामुळे अशा रुग्णांनी आपल्या मनाने दाहशामक गोळ्या घेणे सर्वथा चुकीचे आहे. कित्येक वेदनाशामक गोळ्या तर हृदयाला व मूत्रपिंडाला अपायकारक ठरतात.

कागदावरील आकडे कसे वाचावेत?

पहिली गोष्ट एककाची. काही प्रयोगशाळा सी.आर.पी. दर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, तर काही दर डेसिलिटरमागे. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. म्हणून डेसिलिटरमागे ३ म्हणजे लिटरमागे ३० होतात. एका प्रयोगशाळेचा आकडा ३० व दुसरीचा ३ पाहून आजार दहा पटींनी उतरला असे समजू नये. आकड्याशेजारी छापलेले एकक आधी पाहावे.

दुसरी गोष्ट वेळेची. हृदयाच्या दृष्टीने सूक्ष्म सी.आर.पी. मोजताना लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ पेक्षा अधिक म्हणजे जास्त, अशी विभागणी २००३ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी केली. परंतु आकडा १० च्या वर गेला, तर शरीरात दुसरा काही संसर्ग आहे काय ते पाहून, तो बरा झाल्यावर पुन्हा तपासणी करावी, असेही त्यांनी सांगितले आहे. तापात केलेल्या चाचणीवरून हृदयाचे भविष्य काढू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे, चाचणीमुळे उपचारात काही फरक पडणार आहे काय, हे डॉक्टरांना विचारावे. ज्याची रोहिणी रुंद असल्याचे अँजिओग्राफीत दिसले आहे, त्याने धूम्रपान सोडणे, रक्तदाब काबूत ठेवणे, कोलेस्टेरॉलचे औषध व डॉक्टरांनी दिली असल्यास अ‍ॅस्पिरिनची गोळी नियमित घेणे, हे सी.आर.पी. कितीही असले तरी करावेच लागते. हातावर पोट असलेल्या माणसाने दर महिन्यास महागड्या चाचण्या करण्यापेक्षा तो पैसा औषध न चुकविण्यासाठी खर्च करावा, असे आम्हास वाटते.

जेथे दिवस मोजावे लागतात

आतापर्यंत आम्ही सबुरीने घ्या असे सांगत आलो. परंतु एक प्रसंग असा आहे की तेथे याच खुणा अत्यंत मोलाच्या ठरतात आणि उशीर परवडत नाही. तो म्हणजे लहान मुलांना होणारा कावासाकी आजार.

जपानमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ मध्ये टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात चार वर्षांच्या एका मुलात हा आजार प्रथम पाहिला. १९६७ मध्ये त्यांनी अशा ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. सुरुवातीस हा आजार आपोआप बरा होणारा व निरुपद्रवी समजला गेला. परंतु १९७० मध्ये जपानमध्ये देशभर पाहणी झाली तेव्हा काही मुले दगावल्याचे उघड झाले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयरोहिण्यांत फुगे व गुठळ्या आढळल्या. डॉ. कावासाकी २०२० मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले. तोवर हा आजार जगभर ओळखला गेला होता. भारतातही तो आहे. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील बालरोग विभाग १९९४ पासून अशा मुलांचा पाठपुरावा करीत आहे.

याची लक्षणे प्रत्येक आईने व अंगणवाडी सेविकेने ध्यानात ठेवावीत. रुग्ण बहुधा पाच वर्षांखालील मूल असते. पाच दिवस वा अधिक काळ टिकणारा मोठा ताप असतो. त्याबरोबर दोन्ही डोळे लाल होतात, पण चिपडे येत नाहीत. ओठ लाल होऊन भेगाळतात व जीभ लालबुंद होते. अंगावर पुरळ येते. तळहात-तळपाय लाल होऊन सुजतात. आणि मानेत गाठ येते. बी.सी.जी. लस टोचल्याची जागा पुन्हा लाल होणे हीही एक महत्त्वाची खूण आहे. मूल अतिशय किरकिरे होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची साल निघते. सहा महिन्यांखालील बाळांत मात्र ही लक्षणे अपुरी दिसतात आणि धोका अधिक असतो.

खरी फसगत होते ती पुढेच. उपचार न करताही हा ताप काही दिवसांनी आपोआप उतरतो. घरचे म्हणतात, गोवर येऊन गेला. साल निघाली, अंगातील कडकी बाहेर पडली. मूल खेळू लागते. परंतु उपचार न मिळालेल्या दर चार-पाच मुलांपैकी सुमारे एकाच्या हृदयरोहिणीत फुगा राहून जातो आणि तो वर्षानुवर्षे काहीही दुखत-खुपत नसताना तेथेच असतो.

लक्षणे अपुरी असतात तेव्हा डॉक्टरांना रक्तातील खुणांचा आधार मिळतो. सी.आर.पी. डेसिलिटरमागे ३ मिलिग्रॅम वा अधिक किंवा ई.एस.आर. ४० मिलिमीटर वा अधिक असेल, तर पुढील तपासण्या व इको करून संशय पडताळला जातो. दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट्सही खूप वाढतात. आठवडा उलटूनही या तिन्ही गोष्टी अगदी सामान्य असतील, तर हा आजार असण्याची शक्यता कमी असते. येथे धूर दिसताच आग शोधायला धावलेच पाहिजे.

उपचार उपलब्ध आहे व तो गुणकारी आहे. निरोगी दात्यांच्या रक्तापासून तयार केलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात. १९८४ मध्ये जपानमध्ये व १९८६ मध्ये अमेरिकेत त्याची उपयुक्तता सिद्ध झाली. वजनाच्या दर किलोस २ ग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलास २० ग्रॅम, असे ते एकाच वेळी हळूहळू दिले जाते. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत दिल्यास फुगे होण्याचे प्रमाण २५ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर येते. या औषधामुळे ई.एस.आर. मात्र स्वतःहून वाढतो. म्हणून नंतर सुधारणा पाहण्यासाठी सी.आर.पी. व ताप यांवर लक्ष ठेवतात. तसेच गोवर व कांजिण्यांच्या लसी सुमारे अकरा महिने पुढे ढकलाव्या लागतात. २०२० मध्ये कोविडच्या साथीत काही मुलांत याच्याशी साम्य असलेला आजार दिसला आणि त्यातही काहींच्या हृदयरोहिण्या रुंदावल्या होत्या.

हे औषध महाग आहे, ही वस्तुस्थिती आहे. परंतु केवळ पैशाअभावी मुलाला घरी नेऊ नये. शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. महाराष्ट्रात धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवून हा हक्क मागावा. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

ज्यांच्या मुलांना हा आजार होऊन गेला आहे, त्यांनी इको तपासणीचे सर्व कागद जपून ठेवावेत. मूल मोठे झाल्यावर, नोकरी-संसाराला लागल्यावरही ते कागद त्याच्या डॉक्टरांना उपयोगी पडतील. तरुणपणी छातीत कळ आलेल्या माणसाला त्याच्या लहानपणीच्या तापाबद्दल सांगणारे दुसरे कोणी नसते; ते काम हे कागद करतात.

सारांश, दाहाच्या खुणा हे उपयुक्त साधन आहे. परंतु ते निकालपत्र नव्हे. प्रौढ माणसाने एका वाढलेल्या आकड्याने हबकून जाऊ नये आणि एका सामान्य आकड्याने निर्धास्तही राहू नये. मात्र लहान मुलाचा ताप पाच दिवसांत उतरला नाही, डोळे-ओठ लाल दिसले, तर बालरोगतज्ज्ञाला गाठून "कावासाकी तर नसेल ना?" असे स्पष्ट विचारावे. हा एक प्रश्न दहाव्या दिवसाच्या आत विचारला गेला, तर एखाद्या मुलाची हृदयरोहिणी आयुष्यभरासाठी वाचू शकेल.